१०२२११७ ला भाग जातो का?

१२ ऑगस्ट २०२४, सांगली
आबांना आयसीयूत घेतलं. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, "वय बघता आत्ताच काही सांगत नाही." म्हणजे काय! नसेल सांगायचं तर बोलता कशाला?

आबांच्या मनगटावर कागदी पट्टी बांधलीय. नाव, वय आणि नंबर – १०२२११७. तोंडावरच्या मास्ककडं बघवेना, म्हणून नंबरच बघत बसले. लहानपणी कुंडलहून सांगलीला एसटीनं येताना आबा पुढच्या गाड्यांचे नंबर दाखवायचे. "समे, कशानं भाग जातोय सांग बघू." बापाच्या त्याच खेळानं मला गणिताची मास्तरीण केलं.

१३ ऑगस्ट
आई म्हणाली, "देवीला कौल लावून येऊ का गं? उजवीकडचं फूल पडलं तर आबा घरी येत्यात बघ." मी खेकसलेच तिच्यावर. "आई, फुलाला काय कळतंय!"

आणि मग बाकावर बसून मी काय केलं? मनात बोलले – १०२२११७ ला कशानंच भाग गेला नाही, मूळ संख्या निघाली, तर आबा वाचणार! साताऱ्यात आठवीला गणित शिकवते मी. लाज वाटली. तरी तीनानं करून बघितलं. अंकांची बेरीज चौदा – नाही जात. सातानं बाकी पाच. तेरानंही पाचच. जीव भांड्यात पडला.

१४ ऑगस्ट
५९ नं बाकी एक. एकच! भागाकार पुन्हा करून बघितला.

१६ ऑगस्ट
ऑक्सिजन वाढवला. मास्कच्या आत आबा काहीतरी पुटपुटतात, कळत नाही. आई हात जोडून बसलीय, मी भागाकार करत बसलेय. मोबाईलवर एका मिनिटात उत्तर मिळेल, पण बघायची छाती होत नाही. आणि थांबायचीही नाही. थांबले तर काहीतरी वाईट होईल असं वाटतं.

१९ ऑगस्ट
९९७ झाला! बाकी १९२. हजाराच्या आतली एकही मूळ संख्या तपासायची राहिली नाही. मूळ आहे! आईला घट्ट मिठी मारली. "काय झालं गं?" म्हणाली. "काही नाही, चल, चहा घेऊ." आज दोघींनी पोटभर खाल्लं.

२० ऑगस्ट
गाढव मी! पोरांना घसा कोरडा करून सांगते, वर्गमुळापर्यंत तपासा म्हणून. हजाराचा वर्ग दहा लाखच. ही संख्या त्याच्या पुढची आहे!

१०११ चा वर्ग काढला – १०२२१२१. आपली संख्या बरोबर चारानं कमी. चार म्हणजे दोनाचा वर्ग. वर्गातून वर्ग वजा... पुढचं मला बघायचंच नव्हतं. पण आठवीचंच सूत्र ते, दिसलं. १०११ वजा दोन, १०११ अधिक दोन – १००९ गुणिले १०१३.

निःशेष भाग जातो.

लय भीती वाटतेय. आईला कुठल्या तोंडानं सांगू? तिच्या फुलावर खेकसले होते मी.

२१ ऑगस्ट
पाच मिनिटं आत सोडलं. आबांनी मास्क सरकवला, पट्टीचं मनगट वर केलं. "समे, ह्यो आकडा लय चिवट हाय. तेवीसपतुर आलो, न्हाई जात. दमलो गं. आता फुडं तू कर."

मी मास्क परत लावायला गेले, त्यांनी हात अडवला.

"भाग गेला की सांग. तवर मी मरत न्हाई, बघ."

"अजून नाही गेला, आबा," म्हटलं. "चालूच आहे."