अठ्ठेचाळीस डायोडांचा लोड

मंगळवार, ता. १८, दुपार

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. अण्णांचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो, आणि वर आले की ते वर्कशॉपमध्ये माझ्या चुका काढतात, म्हणजे तब्येत उत्तम आहे. तू मोबाइलची कव्हरं विकतेस असं मावशीकडून कळलं. दोन वर्षांनी माझं पत्र बघून तू आधी शेवट वाचशील. तुझी जुनी खोड. या वेळी नको.

शनिवारी हॉस्पिटलच्या इंजिनियरचा फोन आला. ऑपरेशन चालू असताना टेबलावरच्या सहा एलईडी दिव्यांतला एक विझला. उरलेल्या पाचांवर कसंबसं निभावलं. त्याला करंट पुरवणारा ड्रायव्हर माझा होता, आणि बाकीचे पाचही माझेच.

आपल्या तपासणीच्या साध्या बल्बवर लावले तेव्हा हे सहाही ड्रायव्हर पास झाले होते. म्हणून या वेळी खऱ्या दिव्यासारखा वागणारा लोड करायचं ठरवलं. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काढली, तिच्यावर अठ्ठेचाळीस डायोड एकापुढे एक जोडले आणि वाऱ्याला कॉम्प्युटरचा पंखा लावला. पण करंट काही वाहीना. एक डायोड उलटा बसवला होता, तो शोधण्यात रविवारची अख्खी सकाळ गेली. तू असतीस तर "दादा, चष्मा कपाळावर आहे," एवढंच म्हणाली असतीस.

मग माझा एक शिल्लक ड्रायव्हर लावला. एक अँपिअर हवा होता. दहा मिनिटांत सव्वा झाला, अर्ध्या तासात दीड, आणि काटा चढतच होता; एवढ्या करंटने दिवा जळणारच. बल्ब तापला की करंट आवरून धरतो, त्यामुळे ही खोड तिथे कधी दिसलीच नव्हती. तडक फोन करून पाचही दिवे बंद करवले. परवापर्यंत ऑपरेशनं थांबली आहेत.

नंतर फळीवरचा तुझा डबा उतरवला. तू बनवलेले, नापास झालेले नऊ ड्रायव्हर. नऊच्या नऊ झटक्यात चालू झाले आणि तासभर एक अँपिअरवरून हलले नाहीत. थंड बल्ब त्यांना शॉर्टसर्किटसारखा दिसायचा, म्हणून ते शहाण्यासारखे बंद व्हायचे. आणि आपण त्यालाच बिघाड म्हणालो.

आपण नाही. मी म्हणालो.

अण्णांचा नियम तुला पाठच आहे. बनवणाऱ्याने तपासायचं नाही आणि तपासणाऱ्याच्या शब्दावर वाद घालायचा नाही. "हिचा हात अजून बसलेला नाही," असं मी गिऱ्हाइकासमोर म्हणालो, तेव्हाही तू वाद घातला नाहीस. बॅग भरलीस. तू गेल्यावर बनवणारा मीच आणि तपासणाराही मीच.

आता जे टाळत होतो ते लिहितो. त्या दिवशी तू माझा एक तपासून खोलीबाहेर गेलीस आणि लगेच मी तुझा सातवा लावला. बल्ब अजून गरम होता. तुझा ड्रायव्हर व्यवस्थित चालला. मी पाहिलं, ठकू. घोळ बल्बचा आहे हे मला तिथेच कळलं. मी बल्ब निवू दिला, पुन्हा लावला, तो बंद पडला आणि मी नापास म्हणालो. अण्णा वर्कशॉप तुझ्या हाती देणार होते. मला ते सहन होत नव्हतं.

काल अण्णांना लोडचं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे चूक बल्बची. तुम्हा दोघांचीही नाही." मी मान डोलावली आणि दुसऱ्यांदा गप्प बसलो. आता हे पत्र पाकिटात घालण्याआधी त्यांना वाचून दाखवणार आहे.

संध्याकाळ

वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, "हॉस्पिटलसाठी तिचे सहा मी स्वतः तपासतो. तुझा शब्द आता चालायचा नाही." लोडसमोर खुर्ची ओढून ते एकेक लावत बसले, आणि मी जोडायला हात पुढे केला तेव्हा "राहू दे" म्हणाले. सहाही पास. उद्या मी ते हॉस्पिटलमध्ये बसवीन, बनवणारीचं नाव सांगून.

नंतर त्यांनी माझ्याकडून तपासणीच्या खोलीची किल्ली मागून घेतली. वाटलं, स्वतःकडे ठेवतील. तर म्हणाले, "ही तिला पाठव. यायचं की नाही ते ती ठरवेल." किल्ली सोबत आहे.

आलीस तर माझ्याशी बोललंच पाहिजेस असं नाही.

तुला जाणूनबुजून नापास करणारा,
दादा