विन्कोचं शेवटचं इंजिन

१४ सप्टेंबर

पुन्हा आठ सेकंद. मग बंद.

विन्को मे महिन्यात गेला, संसारात मी एकटी उरले. त्याचं हे शेवटचं इंजिन – मुळात लाकूड कापायच्या पेट्रोल करवतीचं. क्लच काढला, फ्लायव्हीलची पाती लेथवर उतरवून वजन कमी केलं, पुढे रिमोटवर उडवायच्या छोट्या विमानाचा पंखा बसवला. अशी एकोणीस इंजिनं त्याने केली. सगळी उडाली. हे विसावं दोन वर्षं चालतच नाही.

२० सप्टेंबर

विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबचा द्रागो येऊन गेला. सेंट मार्टिनच्या सणाआधीच्या रविवारी, त्या वर्षी गेलेल्या सभासदाचं विमान क्लबात एकदा उडवतात. यंदा विन्कोचं. इंजिनाचा नाद सोड, बॅटरीची मोटर बसवू, म्हणाला. मी नाही म्हटलं. बॅटरीवाल्यांना विन्को हेअर ड्रायरवाले म्हणायचा.

"आठ नोव्हेंबरपर्यंत थांबतो, स्लावका. पण लोक म्हणतात, म्हाताऱ्याचा हात शेवटी गेला."

"म्हणू देत."

बोलले खरी, पण लागलं ते.

३ ऑक्टोबर

प्लग नवा. ठिणगी चांगली. पेट्रोलमध्ये तेल पुन्हा मोजून घातलं. आठ सेकंद.

११ ऑक्टोबर

शेजारणीने भाजलेले चेस्टनट दिले. एकटीला जास्त झाले.

१८ ऑक्टोबर

कार्ब्युरेटर सोडवला. सापडलं!

इंजिनाच्या पोटातले दाबाचे ठोके एका बारीक भोकातून कार्ब्युरेटरला पोचतात, त्यावरच तो पेट्रोल ओढतो. मधल्या कागदी पॅकिंगला ते भोकच नव्हतं. नवशिके पॅकिंग उलटं बसवून भोक झाकतात. पण विन्को?

आणि हे पॅकिंग माझं नाही. मी मोजणी कार्यालयात नकाशे काढायचे, हात बसलेला. एकोणीस इंजिनांची पॅकिंग मीच कापून दिली. हे त्याने स्वतः कापलंय. कडा अगदी साफ. फक्त भोक नाही.

खरंच हात गेला होता का त्याचा?

१९ ऑक्टोबर

नवं कापलं, भोक पाडलं. टाकी संपेपर्यंत चाललं. मी बाकावर बसून ऐकलं.

१ नोव्हेंबर

कबरीवर मेणबत्त्या लावल्या. फाटकापाशी द्रागो भेटला. जुनं पॅकिंग पर्समध्ये होतं, ते दाखवलं. वाटलं, हसेल. त्याने ते उजेडाकडे धरलं.

"चूक नाही ही," म्हणाला. "त्याला हवेतलं विमान दिसत नव्हतं, स्लावका. शेवटच्या वेळी मी मागे उभा राहून सांगत होतो – डावीकडे, वर घे, आता उतरव. कोणाला कळलं नाही. मग म्हणाला, इंजिनच चाललं नाही तर मला कोण उडव म्हणेल? काय केलंय ते मात्र मला सांगितलं नाही."

"आणि मला?"

"तुला कळू नये म्हणूनच तर."

शेवटची दोन वर्षं गाडी मलाच चालवायला लावायचा. म्हणायचा, तू छान चालवतेस.

८ नोव्हेंबर

विमान उडालं. उतरल्यावर कोणीतरी विचारलं, इतके दिवस बिघाड काय होता? मी म्हटलं, पॅकिंग मी कापलं होतं, भोक पाडायचं विसरले.

सगळे पोट धरून हसले. द्रागो सोडून.