डोंगरावरची हिरवी रेघ

माउंट पॅनोरमा, बाथर्स्ट
मंगळवार, सकाळ

तीर्थस्वरूप थेल्माताईस,

धाकट्या एल्विनचा, गुडघे वाकू देतील तितका वाकून नमस्कार. तुझी कंबर काय म्हणते? तुझ्या डब्बो गावातही थंडी पडली असेल. इथे सकाळी कांगारू अंगणात पंचायत भरवून बसतात आणि मी बाहेर आलो की माझाच विषय निघाल्यासारखे गप्प होतात. मी ठणठणीत आहे. (डॉक्टरचं मत वेगळं आहे, ते पुढे येईलच.)

तर त्या डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं की प्रिचर्ड यांनी गाडी चालवून दाखवावी, मगच परवाना चालू राहील. लॉरेनला तेवढंच हवं होतं. मुलगी गुणाची आहे, पण एकदा का तिनं माझं भलं करायचं ठरवलं की माझी धडगत नसते. परवाना गेला तर डोंगरावरचं हे घर विकायचं आणि मला गावातल्या दोन खोल्यांत नेऊन ठेवायचं, असं तिनं ठरवून टाकलंय. इथे बस येत नाही, दूध-पाव येत नाही, हे तिचं म्हणणं खरंच आहे. म्हणून तर जास्त राग येतो. वर माझी समजूत काढायला तिनं टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र आणलं, त्याला चाक, पायाशी ब्रेक, आणि सोबत मोटारशर्यतीचा खेळ. "बाबा, हवी तेवढी गाडी घरातच चालवा. कुणी मरत नाही," म्हणाली.

ताई, त्या खेळात आपलाच डोंगर निघाला. कंपन्यांची रीतसर परवानगी घेऊन केलेला खेळ आहे, त्यामुळे गाड्या खऱ्या, त्यांच्या अंगावरच्या जाहिराती खऱ्या, आणि चढावरचं माझं फाटकसुद्धा खरं. (गंज तेवढा काढलाय. मला जमलं नाही ते त्यांनी करून दाखवलं.) ऑक्टोबरात या रस्त्यावर मोटारशर्यत भरते, तेवढी सोडली तर हा आमचा साठच्या वेगाचा साधा रस्ता, म्हणून मी पहिल्या दिवशी डावी बाजू धरून, वळणावर दिवा दाखवावा तर तो सापडेना म्हणून खिडकीतून हात काढल्यासारखं करत, साठनं निघालो. मागच्या एकूण एक गाड्यांनी मला ठोकलं आणि शेवटी खेळानं काळा बावटा दाखवून मला घरी पाठवलं. (मी घरीच होतो.)

मग मात्र मी हट्टाला पेटलो. परीक्षा याच रस्त्यांवर व्हायची, तर सराव फुकट कशाला घालवा? खेळात रस्त्यावर एक हिरवी रेघ उमटते. तिच्यावरून जात राहायचं, तांबडी झाली की ब्रेक दाबायचा. महिनाभरात मी त्या रेघेवर असा बसलो की जेवण विसरलो, गुडघे विसरलो. लॉरेनला वाटलं, म्हातारा निवळला.

परीक्षेला मिसेस कार्मोडी नावाच्या शांत बाई आल्या. गावात माझी एकही चूक झाली नाही. खूश होऊन त्याच म्हणाल्या, चला, तुमच्या घरापर्यंत जाऊ. चढ लागला आणि हात आपसूक वळले. डावं वळण घ्यायला मी आधी पार उजव्या कडेला गेलो, आणि समोरून द्राक्षमळ्याचा ट्रॅक्टर आला. (वेग साठच्या आतच होता, एवढं लक्षात घे.) तो थांबला, मीही थांबलो.

"मिस्टर प्रिचर्ड, आपण या बाजूला काय करतोय?"

"हिरवी रेघ इकडूनच जाते ना."

बाईंनी रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठली रेघ?" हे त्यांनी इतक्या मायेनं विचारलं की मला तिथेच निकाल कळला. उरलेला चढ त्यांनीच चालवला. त्या गेल्यावर मी ओसरीवर बसून रडलो. तुझ्यापासून काय लपवायचं.

बाकी सगळं क्षेम. कंबरेला जप.

तुझा,
एल्विन

ता. क. तुझा परवाना अजून शाबूत आहे ना? पूर्वेकडची खोली झाडून ठेवली आहे. तू इथेच राहायला ये. दूध-पाव तू आण, रांधायचं मी बघतो.

ता. क. निकाल लॉरेनला अजून सांगितलेला नाही. तुला डब्बोत एकटीला करमत नाही, म्हणून मी तुला बोलावून घेतोय, असं सांगितलंय. तिचा फोन आला तर थोडी कण्ह.

ता. क. तिला सांगितलं ते अगदीच खोटं नाही. करमत नाही हे खरं आहे, फक्त ते मला.