आवाज गेला आणि थिएटर भरलं

ती. मामा यांस,

आपल्या थिएटरचा मॅनेजर आणि (नोकरी लागायच्या आधीपासून) आपला भाचा याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग लिहायची पद्धत म्हणून लिहिलं, कंबर धरल्यापासून मी चार-पाच अंगांवरच भागवतो.) इकडे सर्व क्षेम आहे. नुसतं क्षेम नाही, जोरात आहे. आपला गुडघा काय म्हणतो? मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झालं, आता त्यांना छताच्या कोपऱ्यातली जळमटंसुद्धा दिसतात आणि ती तुम्हाला काढावी लागतात, असं ताईच्या पत्रातून कळलं. वाचून आनंद झाला (मामींच्या डोळ्यांबद्दल).

मागच्या पत्रात आपण स्पष्टच लिहिलं होतं की पुढचाही सिनेमा पडला तर थिएटर फर्निचरवाल्याला गोदाम म्हणून द्यायचं. दुसरा कोणी असता तर हातपाय गाळून बसला असता. मी चहा प्यायलो आणि सिनेमा निवडला. मी निवडलेला सिनेमा म्हणजे अगदी सुरुवातीच्या काळातल्या सिनेमावरचा सिनेमा. एक चित्रकार आणि त्याची मुलगी तंबूत राहून मूकपट बनवतात, एवढीच गोष्ट. पण काय दाखवलंय मामा! पुठ्ठ्याचा चंद्र, कापडाचा समुद्र, तो खालून हलवणारी माणसं, आणि ती मुलगी फिल्मच्या एकेका चित्राला ब्रशनं रंग देत बसते तेव्हा तो रंग पडद्याबाहेर सांडेल की काय असं वाटतं. मारामारी नाही, शिवीगाळ नाही, पोरांचे डोळे झाकायची पाळी नाही. सहकुटुंब बघावा असा. (ऑपरेटरकाकांचं मत पडलं की सहकुटुंब सिनेमाला हल्ली कुटुंब येतं, पण एकच. त्यांना नाट लावायची सवयच आहे.)

पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला बरी माणसं होती. समोरच्या दुकानातला चष्मेवाला बायकामुलांसह आणि आपल्या म्हाताऱ्या आईसह आला होता. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई होत्या, नाक्यावरचा न्हावी होता, आणि शेवटच्या रांगेत, हातात टेप घेऊन, खुद्द फर्निचरवाला. तिकीट काढून आला होता हे कबूल करतो, पण सिनेमा सुरू होईपर्यंत तो दोन खांबांमधलं अंतर मोजत होता आणि सोबतच्या माणसाला "इथे कपाटं, तिथे पलंग" असं मोठ्यानं सांगत होता. मी त्याच्याकडे पाहून मंद हसलो. हसण्यात माझं काय जातं?

सिनेमा सुरू झाला. मुलगी तंबूतून धावत आली, तिनं बापाला हाक मारायला तोंड उघडलं, आणि नेमका त्याच क्षणी आवाज गेला. चित्र चालू, आवाज गुल. मी धावत वर गेलो तर ऑपरेटरकाका आवाजाच्या यंत्राला पेपरानं वारा घालत होते आणि करपल्याचा वास सुटला होता. आता शिट्ट्या होणार, खुर्च्या आपटणार, लोक पैसे परत मागणार, अशी मनाची तयारी करून मी खाली आलो. बघतो तर हॉल चिडीचूप. मुख्याध्यापिकाबाई शेजारणीला समजावत होत्या, "मूकपटाचा काळ आहे ना, म्हणून मुद्दाम आवाज काढून घेतलाय. किती सूचक!" अशा वेळी खरं बोलून दुसऱ्याचा आनंद हिरावणारा माणूस मी नव्हे. मी अंधारात उभा राहिलो आणि सूचकपणे गप्प बसलो.

पण मूकपटात पाट्या तरी असतात. इथे त्याही नव्हत्या. थोड्या वेळानं न्हाव्याची चुळबूळ सुरू झाली (दुसऱ्याचं डोकं हातात नसताना गप्प बसणं त्याला जड जातं) आणि "काय बोलतायत कोण जाणे," असं तो म्हणतोय तोच पुढच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "ती विचारतेय, आई कधी येणार? आणि हा टाळतोय मेला!"

त्या चष्मेवाल्याच्या आई. आजींना कित्येक वर्षं ऐकू येत नाही. माणसाच्या ओठांवरून त्या बोलणं ओळखतात. घरात सगळे एकाच वेळी बोलतात, पाठमोरे बोलतात, त्यामुळे आजींच्या वाट्याला जेमतेम निम्मं बोलणं येतं आणि उरलेलं "काही नाही हो, तुम्ही नका लक्ष देऊ" एवढ्यावर संपतं. सिनेमाला त्यांना आणतात ते घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून. आणि इथे तर सगळे बोलणारे चेहरे समोर, हे एवढाले मोठे, कोणी पाठ फिरवत नाही! सून त्यांना दटावायला गेली तर मागून चार जण ओरडले, "बोलू द्या त्यांना!" सुनेनं आजींच्या समोर तोंड करून ते सांगितलं. आजींनी वळून सगळ्या हॉलकडे पाहिलं, पदर सारखा केला, आणि मग शेवटपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

मामा, तुम्ही ऐकायला हवं होतं. नुसतं भाषांतर नव्हे, सल्ल्यासकट. एक जण मुलीकडे उसने पैसे मागायला आला तर लगेच, "तो म्हणतोय, उद्या नक्की परत देतो. देऊ नकोस गं बाई, याचे डोळे बघ!" सिनेमातल्या तंबूतले प्रेक्षक त्यांच्या पडद्यावरची लाट बघून घाबरून बाकांवर चढतात तेव्हा आपला हॉल त्यांना हसला, आणि पुढच्याच क्षणी ती लाट आपल्या पडद्यावर आली तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंसकट सगळ्यांनी पाय वर घेतले. फर्निचरवाल्यानंही घेतले. त्याची टेप सुटून सर्रकन आत गेली, तिकडे त्याचं लक्षही नव्हतं. आणि शेवटी, रंगावरून भांडून निघून गेलेला बाप परत येतो, कापडाच्या समुद्रापुढे मुलीसमोर उभा राहतो आणि काहीतरी बोलतो, तेव्हा आजी एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "तो म्हणतोय, चूक माझी होती. तुझाच रंग बरोबर होता." मामा, अख्खा हॉल रडला. चष्मेवाला चष्मा काढून पुसत होता. मी दारामागे उभा होतो. तिथे धूळ फार आहे, ती काढून घ्यायला हवी.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं यंत्र दुरुस्त केलं. मला वाटलं, जिंकलो. कालचीच मंडळी आणखी नातेवाईक घेऊन आली होती. सिनेमा आवाजासकट सुरू झाला आणि कुरबुरही सुरू झाली. ही बोलते किती! बापाचा आवाज असा चिरका कसा? आणि शेवटी तो बाप परत आला, समुद्रापुढे उभा राहिला, सगळ्यांनी रुमाल बाहेर काढले, आणि तो म्हणाला, "वारा सुटलाय, आधी पडदा बांध." हॉलमध्ये जो गलका उसळला म्हणता! न्हावी उभा राहून ओरडला, "एवढ्या दिवसांनी येऊन पडदा बांध म्हणतो? काल तर माफी मागितली होतीस की!" सगळे माझ्या अंगावर आले. मीच शेवट बदलला असा माझ्यावर आरोप झाला.

मी तडक चष्म्याच्या दुकानात गेलो, आजींच्या समोर बसलो आणि सावकाश सांगितलं की आजी, तो बाप असं असं म्हणत होता. मला वाटलं, बिचाऱ्या वरमतील. कसलं काय! त्या म्हणाल्या, "असेल. पण त्याचा चेहरा माफी मागत होता. तोंडानं माणसं काय, वाटेल ते बोलतात." सून मागे चष्मे पुसत होती. ती हातातलं काम ठेवून पुढे आली, सासूच्या समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, चहा घेणार?" एरवी ती हे स्वयंपाकघरातूनच ओरडत असणार. आजी म्हणाल्या, "घेईन. आणि तू दमलीयेस, बस जरा." मी तिथून उठलो. आपलं काही काम नव्हतं.

तेव्हापासून दुपारचा खेळ आवाजाशिवाय, पुढच्या रांगेत मधोमध आजी, आणि संध्याकाळचा आवाजासकट. संध्याकाळी मोकळी हवा असते. दुपारी मात्र मी ऑफिसातल्या खुर्च्यासुद्धा हॉलमध्ये टाकल्यात आणि हे पत्र उभ्यानं लिहितोय. बाहेरगावाहून माणसं येतायत. फर्निचरवाला रोज येतो. गोदामाचा विषय काढला तर म्हणतो, "श्श, आजी बोलतायत." तेव्हा थिएटर द्यायचा विचार आपण मनातून काढून टाकावा. भाच्याच्या हाती कारभार सुरक्षित आहे. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपावे.

आपला आज्ञाधारक,
भाचा (आणि मॅनेजर)

ता. क. कामाचं राहिलंच. येत्या शनिवारी आपण इकडे यावं. मामींनाही आणावं. बरासा कोट असेल तर तो घालावा.

ता. क. २. कारण विशेष काही नाही. या सिनेमाच्या दिग्दर्शिका शनिवारी दुपारचा खेळ बघायला येत आहेत. त्यांच्या कानावर कुठून तरी गेलं. फोनवर त्यांनी विचारलं, "माझ्या सिनेमाचा आवाज बंद करायची कल्पना कोणाची?" माझ्या तोंडून "मालकांची" असं निघून गेलं. त्यावर बाई "शनिवारी येते" एवढंच म्हणाल्या. रागावल्या की खूश झाल्या, फोनवर कळायला मार्ग नाही.

ता. क. ३. शनिवारी मला रजा हवी आहे. अर्ज सोबत जोडला आहे. कृपया मंजूर करावा.