बाबांनी सोडली म्हणतात

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बाबांनी सिगारेट आणि दारू दोन्ही एकदम सोडली, चार आठवडे झाले, हे वाचून मी कागद उलटा करून बघितला, मागे कुठे गंमत केली असं लिहिलंय का. नाही लिहिलेलं. मग मात्र मला काळजी वाटायला लागली. ज्या माणसाने पंचवीस वर्षं सोफ्याच्या दुकानाचं दार ओढलं की एका हातात ग्लास आणि दुसऱ्या हातात सिगारेट धरली, तो न भांडता, न चिडता सोडतो? काहीतरी शिजतंय.

मागच्या वेळचं आठव. तेव्हाही सोडली होती. गिऱ्हाइकाच्या सोफ्याच्या हातात पाकीट लपवलं आणि सोफा पाकिटासकट त्याच्या घरी पोचला. म्हणून सांगतो, दुकानातला प्रत्येक सोफा दाबून बघ. काथ्याचा आवाज वेगळा, पाकिटाचा वेगळा. सरसाच्या डब्यांमागे हात घाल. पत्र तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय, कारण फोनवर बोलायचं तर बाबा तुझ्या शेजारी कान टवकारून बसलेले असतात.

माझं ठीक. गोदीत बोटीच्या तेलाच्या टाकीत उतरायचं आणि दिवसभर गंज खरवडायचा. आत तेलाची वाफ साठलेली असते, ठिणगी पडली तर भडका, म्हणून गेटवरचा रखवालदार खिसे उलटे करून काड्यापेट्या काढून घेतो. तो मला खिसेकापू समजतो, मी त्याला. दिवसभराचा उपास संध्याकाळी खोलीवर पाच जण मिळून सोडतो. त्यावर मला भाषण नको. मी फक्त संध्याकाळी घेतो आणि माझं वय बघ. इथेही करमत नाहीच, पण ही तिसरी नोकरी, आता पळालो तर तूच मला दारात उभं करणार नाहीस.

माझं अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच. तपासाचा अहवाल लवकर पाठव.

तुझा,
भिंगरी


१७ मार्च

चि. भिंगरी यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नादाला लागून मी स्वतःच्या बापाच्या दुकानात चोरासारखी शिरले. ते माप घ्यायला बाहेर गेले होते. चार सोफे आणि सहा खुर्च्या दाबल्या. सापडलं काय, तर एक कंगवा, दोन बटणं आणि तुझं चौथीचं प्रगतिपुस्तक, जे शाळेनेच हरवलं असं तू सांगितलं होतंस. त्याचं नंतर बोलू. पाकीट नाही, बाटली नाही.

पण तू किडा सोडलास आणि आता मलाही सगळं वाकडं दिसतं. तोंडात सारखी लवंग असते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दुकान बंद करतात, धुतलेला शर्ट घालतात आणि दोन तास गायब. विचारलं तर म्हणतात कापड बघायला गेलो होतो. कापड काही घरी येत नाही. शेजारच्या मावशींचं म्हणणं असं, की या वयात पुरुष धुतलेला शर्ट घालतो तो कोर्टासाठी नाहीतर बाईसाठी. मी त्यांना म्हटलं, दोन्ही नसावं एवढीच इच्छा.

जेवण कमी झालंय. पावाच्या कडा काढून ठेवतात, उरलेला दुधात बुडवून खातात. तिखट पानात दिसलं की ताट सरकवतात. दात दुखतोय म्हणे. एक गोष्ट मात्र चांगली झाली. कापड ठोकायचे बारीक खिळे तोंडात धरू नका म्हणून मी किती वर्षं डोकं फोडतेय, तर आता शहाण्यासारखे वाटीत ठेवतात. एवढं तरी माझं ऐकलं.

तू मात्र आमच्यावर पहारा बसवून स्वतःचं 'फक्त संध्याकाळी' एका ओळीत उरकलंस. माझं लक्ष आहे. जेवत जा, आणि या घराची आठवण कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


२५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचायला लागलो तेव्हा हसत होतो. लवंग म्हणजे वास मारायला, धुतलेला शर्ट म्हणजे नवीन अड्डा, असं म्हणत होतो. खिळ्यांपाशी आलो आणि हसू गेलं.

ताई, त्यांनी तुझं ऐकलेलं नाही. आईचंही कधी ऐकलं नव्हतं. मी शाळा चुकवून त्यांच्यासमोर बसायचो ना, मला ठाऊक आहे. डाव्या गालात तीस खिळे, जिभेने एकेक पुढे ढकलायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने ओठातून उचलायचा, दुसऱ्या कोपऱ्यात सिगारेट, आणि मधल्या फटीतून मला शिव्या. वाटीतून खिळा उचलायचा म्हणजे काम निम्म्यावर. हा माणूस आपल्या कामाचा वेग तुझ्यासाठी कमी करणार नाही. त्यांचं तोंड दुखतंय. दात नाही, तोंड.

हे मला का सुचलं ते सांगतो. इथे क्रेन चालवणारे एक काका आहेत. बोबडं बोलतात. आम्ही सगळे समजायचो सकाळीच घेऊन येतात, मी तर त्यांची नक्कलही करायचो. परवा त्यांना बाबांचं सांगितलं. त्यांनी माझा हात धरून बसवलं आणि तोंड उघडून दाखवलं. अर्धी जीभ नाही. सुरुवात एका फोडापासून झाली होती, दुखत नव्हता म्हणून त्यांनी आठ महिने बघितलाच नाही. त्यांचंही बाबांसारखंच, ग्लासाबरोबर सिगारेट.

ते मला कंपनीच्या दवाखान्यातल्या सिस्टरकडे घेऊन गेले. त्यांनी समजावलं ते मला समजलं तसं लिहितो. दारू तोंडाचं आणि घशाचं आतलं अस्तर सैल करते, मग धुरातलं विष त्यातून सरळ आत मुरतं. एकाचा धोका आणि दुसऱ्याचा धोका यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. गुणाकार मला कधी आला नाही, पण हा आला. तीन आठवड्यांत न भरलेला फोड दाखवायचाच, दुखो न दुखो.

बॅटरी घे आणि त्यांचं तोंड बघ. नाही म्हणाले तर आणखी संशय घे.

घाईत आहे, माया आहे तशीच.

तुझा,
भिंगरी


९ एप्रिल

चि. भिंगरी यास,
अनेक आशीर्वाद.

बॅटरी बघून बाबांनी ओठ मिटले आणि मला म्हणाले की आधी स्वतःच्या अक्कलदाढा मोज. म्हणून शुक्रवारी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागे गेले. रस्ता ओलांडताना दोनदा त्यांनी मागे बघितलं. मी भाजीच्या गाडीमागे, तुझी शपथ, वाकून उभी.

अड्डा नव्हता आणि बाई पण नव्हती. मोठ्या दवाखान्यात गेले, तोंडाच्या विभागात. खिडकीतून नंबर घेतला, बाकावर बसले. नंबर एक्केचाळीस. चाळिसावा आत गेला तसे उठले, नळावर पाणी प्यायले आणि फाटकाकडे चालू लागले. खिडकीतल्या बाईंनी मला सांगितलं, हे गृहस्थ आठव्यांदा आलेत, आत एकदाही गेले नाहीत.

फाटकात मी त्यांची बाही धरली. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. जिभेखाली फोड आहे म्हणाले, हिवाळ्यापासून. दोन्ही सोडलं तर आपोआप जाईल आणि कुणाला कळायचीही गरज नाही असं वाटलं. गेला नाही. आपण बाटल्या शोधत होतो रे.

हात धरून आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दोन्हींपैकी जास्त काय चालायचं? बाबा म्हणाले, एकाशिवाय दुसरं कधी घेतलंच नाही. बाई म्हणाल्या, तिथेच घात झाला. वर रागावल्यासुद्धा. रोज पिणाऱ्याने एकट्याने, एका दिवसात दारू तोडायची नसते, झटके येऊ शकतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडायची. पहिल्या आठवड्यात त्यांचे हात थरथरायचे आणि मला सांगत होते हातोडी जड झालीय.

तुकडा तपासला. कॅन्सरच आहे. लहान आहे, पसरलेला दिसत नाही. १६ तारखेला ऑपरेशन. पुन्हा चालू केलं तर जखम भरणार नाही आणि नवीनही उठू शकतं, हे त्यांना माझ्यासमोर तीनदा सांगितलंय. तू नोकरी टाकून येऊ नकोस, ते चिडतील. पण रोज सकाळी फोन कर.

तुझी,
ताई


२ मे

चि. भिंगरी यास,
आशीर्वाद.

अजून बोलायची परवानगी नाही म्हणून लिहितोय. मला उलट उत्तर देता येत नाही याचा तुझी ताई पुरेपूर फायदा घेते आहे. जिभेचा थोडा भाग काढला. कापलेल्या कडा स्वच्छ आल्या असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नळी निघाली, परवा पातळ खीर गिळली. दर महिन्याला तपासणी आहे.

सोडल्यापासून नाक शुद्धीवर आलंय. सरस एवढा घाण वासाचा असतो हे मला पंचवीस वर्षं माहीत नव्हतं. ताईने तुझी पत्रं मला दिली. दोन्हींना सिगारेटचा वास आहे. दुसऱ्यावर ग्लासाच्या बुडाचा गोल डाग आहे, बरोबर गुणाकाराच्या ओळीवर.

विचारायचा हक्क मला नाही. तरी विचारतो. मला बरं वाटेल असं उत्तर लिहू नकोस.

बाबा


२७ मे

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी ताईला पत्र लिहिलं होतं आणि वर लिहिलं होतं, बाबांना सांगू नकोस. तो कागद फाडला. तुम्हालाच लिहितो.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी सिस्टरकडे गेलो. म्हटलं आपलंही बघा. उजव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा आहे, बोटाच्या नखाएवढा. पुसून जात नाही. हा तो नव्हे, पण त्याच्या वाटेवरचा असू शकतो म्हणाल्या. दोन्ही सोडून सहा आठवडे थांबायचं. गेला तर गेला. राहिला तर तुकडा.

मी तरुण आहे असं ताईला लिहिलं होतं. चट्ट्याने वय विचारलं नाही.

सोडायचं कसं तेही सांगतो, मला बरं वाटेल असं न लिहिता. तारीख ठरवली, खोलीतल्या चौघांना सांगितली. ते हसले. सिस्टरने आधी माझं पिणं किती, थरथर होते का, ते विचारून घेतलं. मग दंडाला लावायच्या पट्ट्या दिल्या, त्याने सिगारेटची वखवख कमी होते. संध्याकाळी मी क्रेनवाल्या काकांच्या खोलीवर जातो. पत्ते खेळतो. काका बोलतात ते आता सगळं समजतं.

चौथ्या दिवशी पडलो. एक जण नोकरी सोडून चालला होता, त्याच्यासाठी एकच घोट घेतला. ग्लास खाली ठेवेपर्यंत दुसऱ्या हातात सिगारेट पेटलेली होती. कधी घेतली, कुणाकडून, आठवत नाही. तेव्हा कळलं, एक ठेवून दुसरं सुटणार नाही. पुन्हा पहिल्यापासून दिवस धरले. आज बारावा. रात्र सरळ जात नाही, उगीच कुणावरही ओरडतो, जिन्याच्या पायऱ्या मोजत खालीवर करतो. सिस्टर म्हणतात पहिले आठवडे असेच जातात.

२७ जूनला सकाळी दहा वाजता तोंड दाखवायचंय. मी नंबर घेऊन उठून येणार नाही, असं लिहिणार होतो. पण बाबा, मी तुमचाच मुलगा आहे, माझा मला भरवसा नाही. पावणेदहाला फोन लावा. बोलता नाही आलं तरी चालेल. नुसता कानाला धरून ठेवा, मी आत जाईपर्यंत.

तुमचा,
भिंगरी