एक नंबरचा मग

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? (थांबला असेल तर हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस, हसून पुन्हा सुरू होईल.) मी ठीक आहे, म्हणजे अजून नोकरीवर आहे.

आपल्या जुन्या धर्मादाय बोर्डिंगचं मी संग्रहालय सांभाळतो हे तुला रुचत नाही, ठाऊक आहे; सात वर्षांत तू एकदाही पायरी चढली नाहीस. इथे लोखंडी खाटा आहेत, प्रार्थनेची घंटा आहे, छड्या आहेत (तीन, चौथी माझ्या पाठीवर मोडली), पण लोक येतात ते एका इनॅमलच्या मगासाठी. आठवतं ना, प्रत्येकाच्या मगावर कानाखाली नंबर असायचा? (कानाखाली आपल्यालाही बरंच मिळालं, ते सोड.) बोर्डिंग काढणाऱ्या मोठ्या बाई स्वतःचं घर सोडून जन्मभर मुलांबरोबर जेवल्या, त्यांचा मग एक नंबरचा. गेल्या सोमवारी तो काचेच्या कपाटातून नाहीसा झाला.

गुरुवारी विश्वस्त येणार होते. संग्रहालय ठेवायचं, की सामान माळ्यावर टाकून मला नारळ द्यायचा, हे ठरवायला. कपाटाची किल्ली एकच, तीही माझ्या कमरेला. दारं दुरुस्त करायला आलेल्या सुतारावर संशय घेतला. त्या बिचाऱ्याने हत्यारांची पेटी उपडी करून दाखवली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज येणाऱ्या आपल्या गणिताच्या सरांची पिशवी तपासायला हात पुढे केला, पण त्यांनी नुसतं पाहिलं आणि माझ्या हाताची घडी आपोआप पडली (वय वर्षं चोपन्न). शेवटी बुधवारी मांडणीवरचा तुझा एकतीस नंबरचा मग घेतला आणि पटाशीने त्यातला तीन खरवडून टाकला.

गुरुवारी अध्यक्षांनी कपाट उघडायला लावलं. मग हातात घेतला, आकड्यावरून बोट फिरवलं. नंतर त्यांनी तो उपडा केला. बुडाशी खिळ्याने काहीतरी कोरलेलं होतं. मी बापजन्मी तिथे पाहिलं नव्हतं. चष्मा सारखा करून त्यांनी मोठ्याने वाचलं, "मला घरी जायचंय."

मी मनातल्या मनात नारळ स्वीकारला. पण अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "बाईंनासुद्धा वाटायचं तर." संग्रहालय राहिलं, मीही राहिलो, आणि ते वाक्य आता दारावर मोठ्या अक्षरांत रंगवायचं ठरलं आहे.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. १ : खरा मग सापडला. सोमवारी काच पुसताना मी कपाट उघडं टाकलं होतं. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढलेल्या मावशींना त्यात 'कुणीतरी न घासता ठेवलेला' मग दिसला; त्यांनी तो लख्ख घासून माझ्या टेबलावर ठेवला. चार दिवस मी त्यातूनच चहा पीत होतो, नंबरावर बोटं ठेवून, चोर कोण याचा विचार करत.

ता. क. २ : रंगारी शनिवारी येतोय. वाक्य तुझं आहे, तेव्हा रंगवू द्यायचं की खरं सांगून टाकायचं, ते तूच कळव. सांग म्हणालीस तर सांगेन. फक्त माझी गादी तुझ्याकडे घालून ठेव.

ता. क. ३ : मी सहा वर्षांचा होतो, रडायचो, तेव्हा तू रोज सांगायचीस, की घरापेक्षा इथेच मजा आहे. मी ते खरं मानलं, ताई. म्हणून तर अजून इथेच आहे.