गाद्याचे श्वास

४ फेब्रुवारी १९३२, मालवण

आज मला खोटारडा म्हणाले! विलायतेहून आलेल्या साहेबांनी खडकातल्या डोहात एक गादा अडवून ठेवलाय; ते त्याला डॉल्फिन म्हणतात. राहतो समुद्रात, पण मासा नव्हे. वर येऊन श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. खाल्लेलं त्याच्या अंगात कुठं खर्च होतं, ते साहेबांना शोधायचंय. माझं काम श्वास मोजायचं. विसाला एक गाठ, लोकरीच्या दोऱ्याला — गावाकडं होटगीला आबा मेंढरं मोजतात तशी. तासाला सात गाठी व्हायच्या, आज नऊ झाल्या. साहेबांचे मदतनीस रामहरी मास्तर म्हणाले, "खाणं तेवढंच, मग श्वास वाढतील कसे? डुलक्या घेतोस आणि मनानं गाठी मारतोस."

डुलक्या!

५ फेब्रुवारी

मादी आहे. पोट फुगून खाली आलंय. म्हटलं, "मास्तर, गाभण हाय ती. दोन जिवांचा श्वास घेती."

"सिद्धनाथ, हिला काय कोकरू होणार?" — आणि हसत सुटले. साहेबांना सांगितलंसुद्धा नाही.

७ फेब्रुवारी

उद्यापासून तिला सात दिवस उपास. चरबी किती जळते ते बघायचं म्हणे. आमच्यात गाभण मेंढीला आधी चारा, मग बाकी कळपाला. मी म्हटलं, "पाप लागंल की."

मास्तर म्हणाले, "वहीत पापाचा रकाना नाही."

१० फेब्रुवारी

पाच गाठी. काठाला तोंड लावून पडून राहते.

११ फेब्रुवारी

पहाटे कोळणीकडून टोपलीभर तारल्या आणल्या. दिल्या. रोज देणार.

१५ फेब्रुवारी

दोरीनं घेर मोजला. उतरलाच नाही! साहेब खूश, विलायतेला लिहिणार. मास्तर म्हणाले, "आता नीट काम करतोस."

खरं मोजलं तेव्हा खोटारडा. चोरून खाऊ घातलं तर शाबासकी. तरी तारल्यांचं सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी

पिल्लू झालं. एक मोठा श्वास, मागोमाग एक बारका.

संध्याकाळी साहेबांचा नवा हुकूम. उपाशी आईचं पिल्लूही धड निघतं, तर दुसरी गाभण मादी धरा. उपास चौदा दिवस!

हे माझ्या तारल्यांनी झालं.

१९ फेब्रुवारी

साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी लिहिलेले कागद फाडले. नवा उपास रद्द. मलाही काढलं. निघताना मास्तरांनी दोरा मागून घेतला.

१२ मार्च, होटगी

मास्तरांचं कार्ड आलं. 'वहीत नवा रकाना आखला — गाभण. पहिल्या ओळीत तुझ्या नऊ गाठी.'

बस. चुकलो, असा एक शब्द नाही.

कार्ड चारदा वाचलं.